पुराचा, विजेचा, दरडीचा इशारा मोबाइलवर : गावाने तयारी कशी करायची

इशारा मोबाइलवर येणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते पुढचं. रात्री दोन वाजता आलेला इशारा कुणाच्या फोनवर वाजणार, तो वाचून कुणी काय करायचं, आणि ज्या म्हातारीकडे मोबाइलच नाही तिच्या दारावर थाप कोण मारणार? ही तिन्ही उत्तरं पाऊस सुरू झाल्यावर सुचत नाहीत. ती मे महिन्यातच ठरवून, लिहून ठेवावी लागतात. गावातल्या तरुण मंडळांसाठी, पोलीस पाटलांसाठी, बचत गटांसाठी आणि हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्या कुणासाठीही हा लेख आहे. उदाहरणं मुख्यतः कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातली आणि सह्याद्रीच्या उतारावरची आहेत, पण पद्धत कुठल्याही गावाला लागू पडते.

इशारा कोणत्या वाटांनी येतो

पहिली वाट सेल ब्रॉडकास्टची. सी-डॉट या सरकारी संस्थेने बनवलेल्या या यंत्रणेच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या. एकाच वेळी सगळ्यांचे फोन मोठ्याने कर्कश वाजले होते, ते अनेकांना आठवत असेल. यात तुमचा नंबर कुणाकडे असण्याची गरज नसते. टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदम संदेश देतो. इंटरनेट लागत नाही, आणि लाइन कितीही व्यस्त असली तरी संदेश अडकत नाही. मर्यादा दोन आहेत. फोन बंद किंवा विमान मोडवर असेल तर काहीच येत नाही. शिवाय टॉवरची हद्द तालुक्याची सीमा ओळखत नाही, त्यामुळे शिवेवरच्या गावाला शेजारच्या तालुक्याचा इशाराही येऊ शकतो. म्हणून आवाज ऐकून घाबरायच्या आधी ठिकाणाचं नाव वाचा.

दुसरी वाट साध्या एसएमएसची. कीपॅडच्या जुन्या फोनवरही तो पोचतो, फक्त लाखो लोकांना पाठवताना उशीर होऊ शकतो. तिसरी वाट ॲपची: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत', हवामान खात्याचं 'मौसम', पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं विजेसाठीचं 'दामिनी' आणि केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया'. ॲपला इंटरनेट लागतं, आणि फोनने त्याला झोपवलं नसेल तरच ते वेळेवर वाजतं. चौथी वाट व्हॉट्सॲपची. ती सगळ्यात वेगवान आहे आणि सगळ्यात बेभरवशाचीही. तिला शिस्त कशी लावायची ते पुढे येईल.

एका वाटेवर विसंबू नका. वाडीतल्या निदान चार फोनवर तरी चारही वाटा चालू हव्यात.

फोन तयार करणं

एका फोनला साधारण अर्धा तास लागतो. घाई करू नका. बहुतेक इशारे वाजत नाहीत ते याच पायऱ्यांपैकी एखादी राहून गेल्यामुळे.

१. सेटिंग्जमध्ये वर शोधाची चौकट असते. तिथे 'इमर्जन्सी' शब्द शोधा आणि 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' हे पान उघडा. अलर्टला परवानगी, आवाज आणि थरथर ही तिन्ही बटणं चालू करा. चाचणी संदेशाचं वेगळं बटण असेल तर तेही चालू ठेवा. आयफोनवर हे 'नोटिफिकेशन्स'च्या पानावर अगदी तळाशी सापडतं.

२. 'सचेत' फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारी फाइल उघडून ॲप बसवू नका, त्यातून बँकेचे पैसे जातात. भाषा मराठी निवडा. आपला जिल्हा निवडाच, शिवाय नदीच्या वरच्या अंगाचा जिल्हाही निवडा. सांगलीकराने साताऱ्याचा इशारा बघितला पाहिजे, कारण कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळून पुढे सांगलीकडेच येतं.

३. प्रत्येक ॲपला लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी द्या. 'ॲप वापरताना फक्त' असं ठेवलं तर फोन खिशात असताना तुम्ही कुठे आहात हे ॲपला कळत नाही, आणि दामिनीसारखं ॲप निरुपयोगी होतं.

४. बॅटरीची बंधनं काढा. सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपचं नाव, बॅटरी असं जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय 'ऑटोस्टार्ट' नावाचं वेगळं बटण असतं. ते बंद असेल तर फोन बंद-चालू झाल्यावर ॲप पुन्हा उठतच नाही.

५. त्याच पानावर खाली 'वापरात नसल्यास ॲप थांबवा' किंवा 'परवानग्या काढा' अशा अर्थाचं बटण असतं. ते बंद करा. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. गेल्या पावसाळ्यात बसवलेलं ॲप सात-आठ महिने उघडलं नाही की ॲन्ड्रॉइड आपणहून त्याची लोकेशनची परवानगी काढून घेतो. चिन्ह स्क्रीनवर दिसतं, ॲप मात्र मुकं झालेलं असतं.

६. रात्री फोन सायलेंट ठेवायची सवय असेल तर गावातल्या चार जबाबदार माणसांचे नंबर 'फेव्हरिट' करा आणि 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये फेव्हरिटचे फोन वाजू द्या. ॲपची सूचना रात्री दबली तरी माणसाचा फोन वाजला पाहिजे.

७. नंबर साठवा. ११२ सगळ्या तातडीसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्षासाठी आणि १०७० राज्य नियंत्रण कक्षासाठी. १०७७ मोबाइलवरून लावताना आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड लावा, उदाहरणार्थ कोल्हापूरला ०२३१, सांगलीला ०२३३. त्याहून बरं म्हणजे कक्षाचा पूर्ण लँडलाइन नंबर तहसील कार्यालयातून घेऊन साठवणं. हे नंबर कागदावर लिहून दाराच्या मागेही चिकटवा.

रंग आणि मिलिमीटर

हवामान खात्याचे रंग चार. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग म्हणजे पावसाचं माप असा पक्का समज आहे, तो बरोबर नाही. रंग ठरवताना पाऊस किती पडेल यासोबत त्याचा परिणाम काय होईल आणि अंदाजाची खात्री किती, हेही बघितलं जातं. पावसाचं माप शब्दांत असतं: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि २०४.५ च्या वर म्हणजे अत्यंत मुसळधार.

हे २४ तास सकाळी साडेआठला संपतात. आज सकाळच्या बातमीत तुमच्या तालुक्यात १२० मिलिमीटर म्हटलं असेल, तर तो काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस. आज दिवसभर पडतोय तो उद्याच्या आकड्यात येणार. धावपळीच्या दिवशी हा घोळ फार महागात पडतो.

जिल्ह्याचा रंग वाचताना पुढचे शब्दही वाचा. पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा इशारा बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो. कोल्हापूर शहरात ऊन असेल आणि घाटावर लाल इशारा असेल, तर नदीकाठाने शहरातलं ऊन बघून निर्धास्त होऊ नये.

जल आयोगाच्या फ्लडवॉचमध्येही पिवळा, नारंगी, लाल आहेत, पण त्यांचा अर्थ निराळा आहे. तिथे पिवळा म्हणजे नदी इशारा पातळीवर पोचली, नारंगी म्हणजे धोका पातळी गाठली आणि लाल म्हणजे आजवरची सर्वोच्च पूरपातळी गाठली किंवा ओलांडली. हवामान खात्याचा लाल पुढच्या पावसाबद्दल बोलतो, जल आयोगाचा लाल आत्ताच्या पाण्याबद्दल. ग्रुपवर नुसतं 'रेड अलर्ट आलाय' लिहिणाऱ्याला लगेच विचारा, कुणाचा?

पूर : आकडा आपल्या गावात उतरवणं

पुराच्या बाबतीत मोबाइल खरोखर वेळ मिळवून देतो, कारण पाणी वरून खाली यायला तास लागतात. पण 'राजाराम बंधारा ३९ फूट' हे वाचून आपल्या गल्लीत पाणी कुठे असेल हे माहीत नसेल, तर तो आकडा नुसती बातमी राहतो.

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. तिथे इशारा ४० वर आणि धोका ४५ वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. म्हणजे धोका पातळी हे पुराचं शेवटचं टोक नाही. तिथून पुढे आणखी बारा फूट पाणी चढलेलं या खोऱ्याने बघितलं आहे.

करायचं असं. गावातल्या चार-पाच जाणत्या माणसांना घेऊन २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या भिंतीवरच्या खुणा बघत फिरा. प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे पाणी लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं? कुणाच्या फोनमध्ये त्या दिवसाचे फोटो असतात आणि फोटोवर वेळ असते. त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात किंवा जिल्हा प्रशासनाच्या संदेशात बंधाऱ्याचा आकडा असतो. दोन्ही जुळवले की वही तयार होते. नमुना म्हणून समजा: ३७ फुटांवर मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या शेतातल्या, पाण्याच्या मोटारी बुडतात, ४० वर खालच्या गल्लीतला ओढा मागे फिरतो, ४१ वर शहराकडचा रस्ता बंद, ४४ वर पहिल्या घरात पाणी. तुमच्या गावाचे आकडे वेगळे असतील, ते तुम्हालाच शोधावे लागतील.

या वहीत सगळ्यात महत्त्वाची ओळ घराची नसून रस्त्याची आहे. घर कोरडं असतानाच बाहेर पडायची वाट बंद होते. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. गरोदर बाई, डायलिसिसचा पेशंट, अंथरुणाला खिळलेला माणूस यांना रस्ता बंद होण्याच्या आकड्याच्या निदान दोन फूट आधी हलवा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. गावाला पाण्याचा वेढा पडल्यावर बाहेर काढण्याचं काम किती धोक्याचं होतं, ते तिथे दिसलं. चाकावरून जाता येतं तोवर निघायचं.

आता चढाचा वेग. समजा सकाळी सहाला ३८ फूट होतं आणि दहाला ३८ फूट ८ इंच झालं. चार तासांत ८ इंच, म्हणजे तासाला २ इंच. रस्ता ४१ वर बंद होतो. उरले २ फूट ४ इंच, म्हणजे २८ इंच, म्हणजे याच वेगाने १४ तास. मध्यरात्री रस्ता बंद. पण अंधारात हलवाहलव करायची नाही, त्यामुळे खरा वेळ सूर्यास्तापर्यंतचाच. हा हिशेब दर दोन तासांनी नव्याने करायचा. वरच्या धरणातून विसर्ग वाढला तर तासाचे २ इंच ३ होतात आणि १४ तासांचे ९ उरतात.

आकडे वाचताना तीन ठिकाणी चूक होते. फूट-इंचांत '३८.६' असं लिहिलेलं असतं, ते ३८ फूट ६ इंच की ३८.६ फूट? दोन्हींत इंचाहून जास्त फरक आहे, तो विचारून घ्या आणि स्वतः लिहिताना 'फूट' आणि 'इंच' हे शब्द लिहा. दुसरं, फ्लडवॉचमधली पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. ती बंधाऱ्याच्या फुटांशी थेट जुळत नाही, म्हणून वहीत एकच मोजपट्टी वापरा. तिसरं, क्युसेक आणि क्युमेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, साधारण ३५.३ क्युसेक. दहा हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर सुमारे ०.८६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी नदीत येतं.

विसर्गाचा संदेश जलसंपदा विभागाकडून येतो. त्यात धरणाचं नाव, वेळ, आधी किती होता आणि आता किती, एवढं असतं. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. ते कुणा अधिकाऱ्याच्या आदेशाची वाट बघत नाहीत, त्यामुळे रात्रीही उघडतात. भोगावतीकाठच्या गावांनी धरण भरत आलं की झोपण्यापूर्वी तयारी पुरी करावी.

शिरोळ तालुक्यातल्या गावांना आणखी एक गोष्ट बघावी लागते. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा येतो. मग कोल्हापुरात पाऊस थांबला, राजाराम बंधारा उतरायला लागला, तरी खाली पाणी तसंच राहतं किंवा चढतं. म्हणून इथल्या वहीत राजाराम आणि आयर्विन, दोन्ही रकाने हवेत.

जनावरांना माणसांपेक्षा जास्त वेळ लागतो. टेम्पो, चारा, पाण्याची सोय असलेली जागा आणि दूध काढण्याची वेळ, हे सगळं जुळवावं लागतं. म्हणून जनावरांचा आकडा माणसांच्या आकड्याआधीचा ठेवा. आणि काहीच जमलं नाही तर निघताना दावं सोडा. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं पोहत उंचावर जातं.

वीज

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात वीज पडून शेतात माणसं दगावतात. दामिनी ॲप विजा टिपणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावर चालतं. नकाशात तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात, आणि गेल्या काही मिनिटांत वीज कुठे पडली ते रंगीत खुणांनी कळतं. खुणा तुमच्या दिशेने सरकताहेत का, एवढंच बघायचं. ४० च्या वर्तुळात आल्या की अवजारं आवरा आणि लांबच्या शेतातल्या माणसाला फोन करा. २० च्या वर्तुळात आल्या की सगळे पक्क्या छताखाली.

ॲप मात्र उशिरा वाजू शकतं, आणि शिवारात नेटवर्क नसतं. मेघगर्जना ऐकू आली म्हणजे वीज पडू शकते इतक्या अंतरावर तुम्ही आहातच. तिथे फोनकडे बघत थांबू नका. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामध्ये सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर येऊ नका. झाडाखाली आणि पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबू नका. चारही बाजूंनी बंद, पक्क्या छताची मोटार चालते, ट्रॅक्टर चालत नाही.

मोबाइलमुळे वीज अंगावर पडते हा गैरसमज आहे. खिशातला फोन वीज ओढत नाही. भिंतीला चार्जिंगला लावलेला फोन हातात धरणं मात्र धोक्याचं, कारण वायरिंगमधून झटका येऊ शकतो. गडगडाट सुरू झाला की चार्जर काढा.

दरड

इथे मोबाइल सगळ्यात दुबळा आहे, हे आधी मान्य करू. इशारा जिल्ह्याला किंवा तालुक्याला येतो, तुमच्या वाडीमागच्या उताराला येत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी आधी पावसाने डोंगर भिजवलेला होता. इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. म्हणून यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा घेऊ नका.

मोबाइलच्या इशाऱ्याला वाडीतल्या दोन नजरांची जोड द्या: पावसाचं माप आणि उताराच्या खुणा. पाऊसमापक घरी बनतो. वरपासून खालपर्यंत सरळ भिंतीचं, पारदर्शक भांडं घ्या. दोन लिटरची बाटली कापून घेतली तर तळाचा खोलगट भाग खडे आणि पाण्याने भरून त्या रेषेला शून्य धरा. शेजारी मिलिमीटरची पट्टी चिकटवा. भिंती सरळ असतील तर तोंड लहान-मोठं असलं तरी माप बदलत नाही. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचून शून्य रेषेपर्यंत ओता, आणि जोराच्या पावसात दर तीन तासांनी वाचा. हे पहाटे तीनलाही करावं लागतं, म्हणून दोघांच्या पाळ्या लावा.

२३ जुलै २०२१ च्या सकाळी महाबळेश्वरला २४ तासांचा ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. एवढ्याची वाट बघायची नाही. दोन-तीन दिवस सलग मुसळधार पडून गेलेला असेल, जमीन भिजलेली असेल आणि त्यावर लाल इशारा असेल, तर उताराखालच्या घरांनी संध्याकाळच्या आतच शाळेत किंवा समाजमंदिरात झोपायला जावं. रात्री दरड आली तर उठून पळायला वेळ नसतो.

खुणा अशा: अंगणात किंवा उतारावर नवी भेग, बंद न होणारं दार, कललेला विजेचा खांब किंवा झाड, नव्या ठिकाणी फुटलेला झरा, नेहमीचा झरा अचानक गढूळ होणं, ओढ्याचं पाणी भर पावसात एकाएकी कमी होणं. शेवटची खूण सगळ्यात वाईट, कारण वर कुठेतरी माती पडून पाणी अडलेलं असू शकतं. यातली एक दिसली तरी रंगाची, फोनची, तहसीलदारांच्या आदेशाची वाट न बघता बाहेर पडा. मग १०७७ ला कळवा. भेगेचा फोटो काढताना शेजारी चप्पल किंवा पट्टी ठेवा, म्हणजे उद्याच्या फोटोशी तुलना करता येईल.

भूकंप आणि चक्रीवादळ, थोडक्यात

भूकंपाचा इशारा तासांचा नसतो, सेकंदांचा असतो. ॲन्ड्रॉइड फोनवर भारतात २०२३ पासून गुगलची सूचना मिळते. जमीन हलायला लागली की अनेक फोनमधले संवेदक ते टिपतात आणि लांबच्या फोनना लाटेआधी कळवतात. केंद्राजवळच्यांना जवळजवळ वेळ मिळत नाही. किल्लारीसारखा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला तसा, घराखालीच भूकंप झाला तर फोनच्या आधी घर हलेल. सेटिंग्जमधल्या सुरक्षा विभागात 'अर्थक्वेक अलर्ट्स' चालू ठेवा, वाजला की मजबूत टेबलाखाली जा, आणि दगडमातीच्या घराची पक्की दुरुस्ती हाच खरा उपाय धरा.

चक्रीवादळात उलट, दोन-तीन दिवस मिळतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि नंतर कित्येक गावं अनेक दिवस विजेविना राहिली. तेव्हा वादळाच्या आदल्या दिवशी फोन, पॉवर बँक, विजेऱ्या पूर्ण भरून ठेवा आणि पाण्याची टाकी मोटारीने भरून घ्या. समुद्रात मोबाइलचा सिग्नल किनाऱ्यापासून फार लांब जात नाही, त्यामुळे बोटी निघायच्या आधीच इशारा बघितला पाहिजे.

फोनपासून दारापर्यंत

गावाची वाड्या-गल्ल्यांत वाटणी करा. आठ-दहा घरांमागे दोन माणसं, त्यातली एक बाई असलेली बरी, कारण दिवसा पुरुष बहुधा शेतात किंवा कामाला बाहेर असतात. दोघांचे सिम वेगवेगळ्या कंपन्यांचे असावेत. प्रत्येक जोडीकडे तिच्या घरांची यादी: किती माणसं, कोण चालू शकत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाकडे फोन नाही, किती जनावरं. ऊसतोड कामगारांच्या खोपी, वीटभट्टीवरची आणि शेतावर राहणारी कुटुंबं या यादीत हटकून राहून जातात. त्यांची नावं आधी लिहा.

व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप करा. एकात फक्त ॲडमिनने लिहायचं आणि तिथे फक्त इशारे. दुसऱ्यात प्रश्न, फोटो, चर्चा. एकच ग्रुप असेल तर सुप्रभातच्या चित्रांखाली पाण्याचा आकडा गाडला जातो. इशाऱ्याचा संदेश ठरलेल्या साच्यात असावा, उदाहरणार्थ:

'मंगळवार, सकाळी १० वा. राजाराम बंधारा ३८ फूट ८ इंच. चढ तासाला २ इंच. शहराचा रस्ता ४१ ला बंद होतो. खालची गल्ली : जनावरं आत्ता हलवा, म्हातारी माणसं दुपारी २ पर्यंत शाळेत. पुढचा आकडा १२ वाजता. माहिती : जिल्हा नियंत्रण कक्ष.'

'सर्वांनी सतर्क राहावे' हे वाक्य लिहू नका. त्याने कुणी जागचं हलत नाही. कुणी, काय, किती वाजेपर्यंत, एवढंच लिहा. ठरलेल्या वेळी पुढचा आकडा टाकाच, बदल नसला तरी. तुम्ही गप्प राहिलात की अफवा सुरू होतात.

धरण फुटल्याचा संदेश दर मोठ्या पुरात कुठून तरी येतोच. तारीख, ठिकाण आणि पाठवणाऱ्या कार्यालयाचं नाव नसलेला संदेश पुढे पाठवायचा नाही, हा ग्रुपचा पहिला नियम ठेवा. शंका आली तर 'सचेत'वर बघा, नियंत्रण कक्षाला फोन करा आणि मिळालेलं उत्तर त्याच ग्रुपवर टाका.

मोबाइलच्या जोडीला भोंगा हवाच. देवळाचा किंवा मशिदीचा लाउडस्पीकर, शाळेची घंटा, कोतवालाची दवंडी यातलं जे गावात आहे ते ठरवून घ्या. आवाजाची खूण एकच ठेवा आणि ती दुसऱ्या कशासाठी वापरू नका. लाउडस्पीकर बॅटरीवर चालतो का, तेही आधीच तपासा.

वीज आणि नेटवर्क गेल्यावर

टॉवरला बॅटरी आणि डिझेल जनरेटर असतो, पण वीज बराच वेळ गेली आणि डिझेलची गाडी पोचली नाही की तो बंद पडतो. पुराच्या दुसऱ्या दिवशी फोन मुके होतात ते यामुळे. आपत्तीत कधी कधी एका कंपनीच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरू देतात. त्यासाठी फोनमध्ये नेटवर्कची निवड 'आपोआप' वर ठेवा आणि सिग्नल गेल्यास फोन एकदा बंद-चालू करून बघा. सिग्नल अगदी कमी असेल तर कॉल लागत नाही, पण एसएमएस जातो. बोलण्यापेक्षा लिहा.

१० हजार एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात साडेसहा हजारांच्या आसपास देते, म्हणजे ५ हजारांचा फोन जेमतेम सव्वा वेळा भरतो. ट्रॅक्टर किंवा मोटारीच्या बॅटरीवर चालणारा यूएसबी चार्जर गावात निदान दोन असावेत. प्रत्येक जोडीकडे एक कीपॅडचा फोन ठेवा, तो एका चार्जिंगवर कित्येक दिवस टिकतो. एफएम रेडिओही असू द्या. फोन आणि पॉवर बँक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून रबराने बांधून ठेवा.

चाचणी आणि नोंद

मेच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी, आगाऊ सांगून चाचणी घ्या. पहिल्या फोनवर संदेश टाकल्यापासून शेवटच्या घराच्या दारावर माणूस पोचेपर्यंतचा वेळ घड्याळात मोजा. मग तीच चाचणी सगळ्यांनी मोबाइल डेटा बंद ठेवून घ्या. कोणत्या जोडीचा निरोप अडकला, कुणाचा नंबर बदललाय, कोण पुण्या-मुंबईला कामाला गेलंय, ते तिथेच कळतं. ते लगेच यादीत दुरुस्त करा.

पूर ओसरला की चिखल उपसायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषा ऑइल पेंटने आखून घ्या, शेजारी तारीख आणि त्या वेळचा बंधाऱ्याचा आकडा लिहा. वहीतला कोणता अंदाज चुकला ते त्याच पानावर लाल शाईने दुरुस्त करा. वहीच्या तीन प्रती काढा: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, आणि एक कधीच पाणी न लागणाऱ्या उंचावरच्या घरात.